बिल्ला देण्याआधी बघणारा हवा

छोट्या प्रमाणपत्रांची मराठी घरांना जुनी सवय आहे. कपाटातली फाइल काढली की प्लास्टिकच्या कव्हरात ती एकामागून एक सापडतात: गांधर्वची प्रवेशिका, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची ग्रेड, हिंदीच्या परीक्षा, टायपिंगचं ३०चं आणि ४०चं सर्टिफिकेट. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि त्या परंपरेतून पुढे प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा गावोगाव पोचल्या. शाळेच्या गुणपत्रिकेत ज्या कौशल्याला रकाना नव्हता, ते त्यातल्या जाणकाराने तपासायचं आणि तेवढ्यापुरता दाखला द्यायचा, ही रीत आपल्याकडे कित्येक पिढ्या चालत आली आहे. आता शाळांच्या कानावर डिजिटल बॅज, सूक्ष्म प्रमाणपत्रं, श्रेयांक असे शब्द पडू लागले आहेत. ते ऐकून दचकायचं कारण नाही. पण हुरळून जाण्याआधी जुन्या दाखल्यांना वजन कशामुळे आलं, ते नीट पाहायला हवं.

गांधर्वच्या परीक्षेत परीक्षक समोर बसलेले असतात. राग विचारतात, दोन आलाप ऐकतात, मग म्हणतात, ‘आता हातावर ताल धर आणि चौतालाची दुगुन म्हणून दाखव.’ ती मुलीला येते किंवा येत नाही. टायपिंगच्या परीक्षेत घड्याळ असतं, उतारा असतो, चुका मोजल्या जातात. इंटरमिजिएटला स्थिरचित्र काढावं लागतं, स्मरणचित्र काढावं लागतं, आणि ते कागद चित्रकलेतल्याच माणसांच्या हाताखालून जातात. यातल्या प्रत्येक दाखल्यामागे कोणीतरी जाणकार आहे. त्याने स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं आहे आणि ‘अजून जमत नाही, पुन्हा ये’ असं म्हणायची त्याला मुभा आहे. डिजिटल बॅजबद्दलचं माझं सगळं म्हणणं या माणसाभोवतीच आहे. तो असेल तर बॅज शाळेच्या भल्याचा ठरेल. तो नसेल तर आपण शाळांवर आणखी एक पोर्टल लादलेलं असेल.

डिजिटल बॅजची आज जी कल्पना आहे ती मोझिला या संस्थेच्या वर्तुळात आकाराला आली. २०१० मध्ये बार्सिलोनाला शिक्षण आणि वेब या विषयावर भरलेल्या संमेलनात तिची चर्चा झाली आणि २०११ मध्ये मॅकआर्थर फाउंडेशनच्या पाठबळावर ‘ओपन बॅजेस’चं काम जाहीर झालं. कल्पना सरळ आहे. एक छोटंसं चित्र, आणि त्या चित्राच्या पोटात माहिती: बॅज कोणी दिला, कोणाला दिला, कधी दिला, कोणत्या निकषांवर दिला. वाचनालय, संग्रहालय, नाट्यमंडळ, कोणीही तो देऊ शकेल, आणि मूल तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊ शकेल. २०१३च्या उन्हाळ्यात शिकागो शहरातल्या अनेक संस्थांनी मिळून मुलांना सुट्टीतल्या शिकण्यासाठी असे बॅज दिले. शिकणं फक्त शाळेत होत नाही, आणि जे बाहेर होतं त्याचीही नोंद व्हावी, ही त्यामागची भावना मला मनापासून पटते.

मात्र या मानकात एक गोष्ट अशी आहे की ती प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावी. बॅजमध्ये निकष देणं सक्तीचं आहे. पुरावा जोडणं ऐच्छिक आहे. जगभरच्या हरतऱ्हेच्या संस्थांना वापरता यावं म्हणून मानक सैल ठेवावं लागतं, हे समजण्यासारखं आहे. पण शाळेला तो सैलपणा परवडणारा नाही. निकष लिहायला दहा मिनिटं लागतात. ‘विद्यार्थी गटात सहकार्याने काम करतो’ हे वाक्य कोणीही लिहील. एका ठरावीक मुलाने एका ठरावीक दिवशी गटात काय केलं, भांडण झालं तेव्हा कोणाचं ऐकलं, हे सांगायला त्या दिवशी तिथे लक्ष देऊन उभा असलेला माणूस लागतो.

निकष आहेत पण लक्ष देऊन बघायला कोणी नाही, हे आपण एकदा अनुभवलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा आल्यावर २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं होती आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद करायची होती. कल्पना उत्तम होती. मूल म्हणजे टक्केवारी नव्हे, असं सरकारी कागदावर लिहिलं जाणं ही लहान गोष्ट नव्हती. पण बघता बघता तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग पीडीएफ, मग व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या. मराठीसाठी पन्नास वाक्यं, गणितासाठी पन्नास, ‘व्यक्तिमत्त्व विकास’साठी आणखी. ‘स्वतःचे विचार स्पष्टपणे मांडतो.’ ‘वर्गातील उपक्रमात आनंदाने सहभागी होतो.’ अशा नोंदवहीतली चाळीस मुलांची पानं ओळीने वाचून काढा. त्यातलं एकही मूल डोळ्यांसमोर उभं राहत नाही.

यात शिक्षकांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. दोन शिक्षकी शाळेत एकाच्या वाट्याला दोन-दोन, कधी तीन वर्ग असतात. त्यात पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलवर भरायची माहिती, आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळवण्याची खटपट, निवडणूक आली की मतदारयादीचं, बीएलओचं काम. माणसाने निरीक्षण करायचं कधी? तयार नोंद उतरवून काढणं हा त्या वेळापत्रकाने शिक्षकाला दाखवलेला एकमेव रस्ता होता. आता त्याच वेळापत्रकात बॅज आले, तर वर्णनात्मक वाक्याच्या जागी रंगीत चित्र येईल, एवढाच बदल होईल. शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणांबद्दल त्यांच्याच गप्पांत जे ऐकायला मिळतं, ते याहून वेगळं नाही: व्हिडिओ एकीकडे चालू, हातात दुसरं काम, शेवटी प्रश्नांवर टिचक्या, आणि प्रमाणपत्र हजर.

धोरणाच्या पातळीवर हालचाल मोठी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक आली, २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. शाळा, व्यवसाय शिक्षण आणि विद्यापीठ या सगळ्यांना एकाच शिडीवर आणायचा तो प्रयत्न आहे. साधारण ३० तासांच्या शिकण्याला एक श्रेयांक. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० श्रेयांक. विद्यार्थ्याला ‘अपार’चा बारा अंकी क्रमांक आणि सगळे दाखले डिजिलॉकरमध्ये. मूल्यमापन झाल्याशिवाय श्रेयांक मिळणार नाही, असं आराखडा सांगतो, हे नमूद केलं पाहिजे. तरीही सगळ्या मांडणीचं एकक तास आहे, आणि यंत्रणा नेहमी मोजायला सोपं तेच मोजते. हजेरी मोजणं सोपं आहे. तीस तास सुतारकामाच्या वर्गात बसलेल्या दोघांपैकी एकाला करवत सरळ चालवता येते आणि दुसऱ्याला येत नाही, हा फरक तासांत दिसत नाही. तो दाखवण्यासाठीच तर बॅज हवा होता.

तासांखालोखाल भीती गुणांची. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचं काय झालं ते पाहावं. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागले तेव्हा कलाशिक्षकांना बरं वाटलं असणार, विषयाला मान मिळाला म्हणून. तो थोडाफार मिळालाही. पण आज त्या परीक्षेबद्दल पालक बोलतात तेव्हा चित्राचा उल्लेख नंतर येतो, टक्क्यांचा आधी. चित्राची आवड नसलेली मुलं ती परीक्षा देतात, आणि आवड असलेली मुलं तोच घट, तोच पडदा, तेच पेरू परीक्षेला येतील म्हणून गिरवत बसतात. कौशल्याच्या दाखल्याचं गुणांत रूपांतर झालं की तो कौशल्याबद्दल बोलायचा थांबतो. म्हणून शाळेतले बॅज कुठल्याही टक्केवारीत, कुठल्याही प्रवेशयादीत धरले जाऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. मग त्यांचा उपयोग काय, असं विचारलं जाईल. त्याकडे पुढे वळतो, आधी बक्षिसाबद्दल एक गोष्ट.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. रंगीत स्केचपेननी चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर ‘छान खेळाडू’ असं लिहिलेलं, सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता चित्रानंतर तेच दिलं. बाकीच्यांना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात पुन्हा पेनं ठेवली आणि कोण आपणहून चित्र काढतं ते पाहिलं. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ पेनांजवळ रमली. आमिषापोटी काढलेली त्यांची चित्रंही तपासणाऱ्यांना डावी वाटली. न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही.

बॅजच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा प्रयोग टाळून जाऊ नये. त्याचा अर्थ दाद देऊ नका असा होत नाही, कारण काम झाल्यावर मिळालेल्या दादेने तिथे काही बिघडलेलं नाही. बिघडलं ते आधी दाखवलेल्या गाजराने. आता शाळेसाठी बनणारी बहुतेक ॲप उघडून पाहा: पहिल्याच पडद्यावर रिकामी, करड्या रंगातली बॅजांची रांग दिसते, ‘हे सगळे मिळवा’ म्हणणारी. ज्याने कौशल्याला न्याय द्यायचा, तेच मुलाच्या आवडीला कीड लावू शकतं. माझ्या मते शाळेने यादी भिंतीवर लावूच नये. शिक्षकाला काही दिसलं, त्याने मुलाला बोलावून ‘हे तू चांगलं केलंस, याची नोंद करू या का’ असं विचारलं, एवढं पुरे.

महाराष्ट्रात कौशल्य पाहून तपासण्याची अधिक चांगली वाट कोणी चालून दाखवली असेल तर ती पाबळच्या विज्ञान आश्रमाने. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या गावात काम सुरू केलं. त्यातून पुढे माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला. शाळांतले लोक त्याला आयबीटी म्हणतात. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन असे त्याचे चार भाग. आठवड्यातला एक दिवस मुलं हाताने काम करतात, आणि शिकवायला गावातलेच कारागीर येतात. मुलं जे करतात ते गावाला हवं असलेलं असतं: लोखंडी स्टँड, साधं वायरिंग, माती परीक्षण, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं.

काम गावाला हवं असलेलं असतं, या गोष्टीत फार मोठं मर्म आहे. प्रयोगवहीत वेल्डिंगची आकृती काढली तर ती शिक्षक तपासतो आणि लाल पेनने बरोबर करतो. वेल्डिंग केलेलं स्टँड कोणाच्या तरी घरी पाण्याच्या भांड्याखाली जातं आणि डुगडुगलं तर परत येतं. तेव्हा सांधा का सुटला, सळई नीट घासली होती का, हे पुन्हा पाहावं लागतं. मूल्यमापन तिथे कामाचाच भाग होतं, त्यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. अशा कामाला बॅज द्यायचा झाला तर पुरावा आपसूक हजर असतो: स्टँडचा फोटो, वापरणाऱ्याचं म्हणणं, पहिला सांधा कसा चुकला याबद्दल मुलीने स्वतः लिहिलेल्या चार ओळी, आणि शिकवणाऱ्या कारागिराची सही. असा बॅज उघडून पाहणाऱ्याला निकष वाचायचीही गरज पडणार नाही.

इथून मात्र एका नाजूक जागी येतो. घरी, शेतात, रानात शिकलेल्या कौशल्याची नोंद घ्या, असं हल्ली पुष्कळजण म्हणतात. शेळीचं बाळंतपण सांभाळणारा मुलगा, आजीचं पासबुक वाचून बँकेत स्लिप भरणारी मुलगी, यांच्या हुशारीला शाळेत जागा नाही, हे खरंच आहे. शहरातल्या मुलाकडे अबॅकसची, रोबोटिक्सची, कोडिंगची फी भरून मिळालेली प्रमाणपत्रं ढिगाने असतात. घरकामाची नोंद घेतली नाही तर बॅज पुन्हा पैशामागेच जातील. पण इतिहास विसरून चालणार नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेची योजना बदलली: अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ मुलांनी घरचा धंदा शिकायचा. पेरियारांसह अनेकांनी तिला जातीचं शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला, कारण कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हायचं, असा तिचा अर्थ होत होता. १९५४ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून राजाजी गेले, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. विरोध करणारे बरोबर होते.

आपल्या बॅजांतून तीच योजना मागच्या दाराने येऊ शकते. बारा अंकी क्रमांकाला चिकटलेली नोंद पुसली जात नाही. तेराव्या वर्षी ‘पशुपालन’ आणि ‘स्वयंपाक’ असे दोन बॅज मिळालेल्या मुलीला पंधराव्या वर्षी एखादा समुपदेशक, किंवा समुपदेशकाच्या जागी बसवलेली संगणक-प्रणाली, कुठला अभ्यासक्रम सुचवील? तिला भूमिती आवडते, हे तिथे कुठे लिहिलेलं असेल? यावर मला दोनच उपाय दिसतात. एक, हातकामाचे बॅज सगळ्यांसाठी असावेत. डॉक्टरच्या मुलानेही विटांचा एक थर लेव्हलमध्ये लावून दाखवावा आणि त्यात नापास व्हावं. दुसरा, नोंदीची मालकी मुलाची असावी. कुठला बॅज कोणाला दाखवायचा हे त्याने आणि पालकांनी ठरवावं, आणि अठराव्या वर्षी नको ते सगळं काढून टाकण्याचा हक्क त्याला असावा. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे. पण शाळेत छापील फॉर्मवर रांगेत घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. आणि माहिती कोणाच्या सर्व्हरवर राहणार, हेही विचारावं. मोझिलाने मुलांचे बॅज साठवायची स्वतःची सोय काही वर्षांतच दुसऱ्या कंपनीच्या हाती सोपवली. सद्हेतू असलेल्या संस्थेचंही असं होतं.

एवढ्या शंका असताना मी या कल्पनेच्या बाजूने का आहे? ऊसतोड कामगारांच्या मुलांमुळे. दिवाळीच्या आसपास बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. बरोबर गेलेलं मूल शाळेचं अर्धं वर्ष गमावतं. आपल्या शाळेत शिक्षणाचं एकक वर्ष आहे: सहावी झाली किंवा झाली नाही. सहावीतलं चार महिन्यांचं शिकणं हिशोबात शून्य धरलं जातं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची कल्पना निघाली ती याच जाणिवेतून, की मुलाबरोबर त्याच्या शिकण्याचा काही कागद जावा. छोट्या दाखल्याची खरी गरज इथे आहे. ‘ही मुलगी हातच्याची वजाबाकी बिनचूक करते, अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली आहे, हा तिने सोडवलेला कागद, हा तिने मोठ्याने वाचलेल्या उताऱ्याचा दोन मिनिटांचा आवाज’, एवढं कारखान्याच्या गावातल्या शिक्षकाच्या फोनवर उघडलं, तर पहिल्या दिवशी तिला शेवटच्या बाकावर बसवून ठेवायची वेळ येणार नाही. टक्केवारीत न धरता बॅजचा उपयोग काय, याचं माझं उत्तर हे आहे. तो पुढच्या शिक्षकासाठी लिहिलेला असावा.

मूल्यमापन माणसावर सोपवलं की वशिला येतो, हा आक्षेप खरा आहे. पेपरची परीक्षा निदान सगळ्यांना सारखी असते. पण बॅजवर प्रवेश किंवा नोकरी ठरणार नसेल तर वशिल्याला कारण उरत नाही. गुणांशी नातं तोडण्याचा हा दुसरा फायदा. शिवाय पुरावा उघडा असला की शेजारच्या शाळेतला शिक्षक तो पाहू शकतो, आणि चार जणांनी मिळून पाहिलं की कोणाची मोजपट्टी सैल आहे ते कळतं.

त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतातच. एका केंद्रातल्या दहाबारा शाळांनी एक वर्ष फक्त तीन गोष्टी घ्याव्यात, समजा मोठ्याने वाचन, मोजमाप आणि एखादं हातकाम. प्रत्येक बॅजला पुरावा सक्तीचा, आणि दोन सह्या: एक शिक्षकाची, एक त्या कामातल्या माणसाची. गवंडी, आशाताई, ग्रंथपाल, जो कोणी असेल त्याला त्या दिवसाचं मानधन द्यावं. परिषदेत परिपत्रकं वाचण्याऐवजी पाच-सहा पुरावे सगळ्यांनी मिळून पाहावेत आणि ‘हा बॅज द्यायला नको होता’ असं म्हणण्याची मोकळीक असावी. त्या वर्षापुरती त्या शिक्षकांच्या डोक्यावरची दोन ऑनलाइन माहितीपत्रकं जिल्ह्याने कमी करावीत. हे शेवटचं होणार नसेल तर बाकीचं सुरूच करू नये.

वर्षअखेरीला किती बॅज वाटले, हा आकडा कोणी मागू नये. मुलं दुसऱ्या शाळेत गेल्यावर जूनअखेरीस तिथल्या शिक्षकांना विचारावं: यातली किती मुलांची नोंद तुम्ही उघडून पाहिली, आणि पाहून वर्गात काय वेगळं केलंत? कुणाला वाचनाच्या गटात पुढे घेतलं, कुणाला अपूर्णांकांपासून सुरू केलं, असं ठोस काही त्यांना सांगता आलं, तर शेजारच्या केंद्रात जावं. त्यांनी नोंद उघडलीच नसेल, तर योजना तिथे थांबवावी आणि त्यात जाणारे तास शिक्षकांना वर्गासाठी परत द्यावेत.